हृदयनिष्फलता आणि प्रतिकारसंस्थेचे संदेशवाहक रेणू

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान आपल्याकडील न्यायशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित आहे. या अनुमानाने अग्नीचे अस्तित्व सिद्ध होते. धूर हा अग्नीचे कारण आहे असे मात्र त्यावरून कोणी म्हणत नाही, आणि धूर वाऱ्याने उडवून लावला म्हणजे आग विझेल अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. तर्काची ही साधी मर्यादा वैद्यकात पाळणे मात्र वाटते तितके सोपे नाही. रोग्याच्या रक्तात एखादे द्रव्य अधिक प्रमाणात आढळले, रोग जितका बळावलेला तितके ते द्रव्य अधिक असे दिसून आले, आणि प्राण्याच्या हृदयात ते द्रव्य निर्माण केले असता तोच रोग उत्पन्न झाला, तर ते द्रव्य हेच रोगाचे कारण असे मानण्याचा मोह कोणासही आवरणे कठीण जावे. मानवी हृदयनिष्फलता आणि प्रतिकारसंस्थेचे संदेशवाहक रेणू यांच्या परस्परसंबंधाचा १९९० पासूनचा अभ्यास हे या मोहाचे, आणि त्यातून मिळालेल्या महागड्या बोधाचे, उत्तम उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाचा आढावा घेण्याचे योजिले आहे.

हृदयनिष्फलतेचे स्वरूप

प्रथम संज्ञेविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडून’ असा शब्दप्रयोग आपण वारंवार वाचतो. हृदयनिष्फलता ही त्याहून निराळी अवस्था होय. तीत हृदय बंद पडलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविण्यास ते असमर्थ झालेले असते, किंवा तेवढे रक्त पुरविण्यासाठी त्यास आपल्या पोकळ्यांतील दाब अवाजवी वाढवावा लागतो. निरोगी मनुष्याचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. डाव्या जवनिकेत जेवढे रक्त साठते त्यापैकी साधारणतः निम्म्याहून अधिक भाग प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडतो. या प्रमाणास उत्क्षेपणांश म्हणतात. तो ४० टक्के किंवा त्याहून कमी झाला म्हणजे हृदयाच्या आकुंचनशक्तीचा ऱ्हास झाला असे समजतात. उलट, अनेक रोग्यांत हा अंश शाबूत असतो, परंतु हृदय ताठर झाल्यामुळे त्यात रक्त नीट भरत नाही. दोन्ही प्रकारांत रोग्यास दम लागतो, पायांवर सूज येते आणि थोड्या श्रमानेही थकवा वाटतो. रोगाच्या तीव्रतेनुसार न्यूयॉर्क येथील हृदयरोगसंघटनेने पाडलेले चार वर्ग जगभर वापरले जातात. पहिल्या वर्गातील रोग्यास नित्याच्या श्रमाने त्रास होत नाही, तर चौथ्या वर्गातील रोग्यास बसल्या जागीही दम लागतो.

या अवस्थेकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी वेळोवेळी बदलत गेली आहे. शरीरात पाणी साठते म्हणून मूत्रल औषधे द्यावयाची, हा एक काळ होता. पंप दुबळा झाला म्हणून त्यास जोर द्यावयाचा, हा दुसरा. त्यानंतर असे ध्यानात आले की, दुबळ्या हृदयास सावरण्यासाठी शरीर स्वतःच जी अंतःस्रावी व मज्जासंस्थेची साधने वापरते, तीच दीर्घकाळ चालू राहिल्यास हृदयाची हानी करतात. या विचाराची सत्यता प्रत्यक्ष चिकित्सेने पटली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील एका परीक्षेत अतिशय तीव्र हृदयनिष्फलता असलेल्या २५३ रोग्यांपैकी काहींस एनालाप्रिल हे औषध व इतरांस प्लासिबो, म्हणजे औषधाचा केवळ आभास असलेले द्रव्य, देण्यात आले. सहा महिन्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के रोगी दगावले. पुढे बीटा-रोधक औषधांनीही असाच गुण दाखविला. शरीराच्या एका अतिरेकी प्रतिक्रियेस आवर घातला की रोग्याचे आयुष्य वाढते, हा धडा त्यामुळे वैद्यकाच्या मनावर खोल बिंबला. पुढील इतिहास समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली पाहिजे. कारण अशाच दुसऱ्या अतिरेकी प्रतिक्रियेचा शोध आता सुरू झाला होता.

टी. एन. एफ.ची दुहेरी ओळख

प्रतिकारसंस्थेतील पेशी एकमेकींस निरोप देतात ते लहान लहान प्रथिनांच्या द्वारे. या प्रथिनांस सायटोकाइन असे नाव आहे. त्यांपैकी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टी. एन. एफ., आणि इंटरल्यूकिन या नावाने ओळखली जाणारी काही प्रथिने यांचा प्रस्तुत विषयाशी निकट संबंध आहे. जखम, जंतुसंसर्ग किंवा अन्य इजा झाली म्हणजे ही प्रथिने स्रवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, श्वेतपेशी गोळा होतात, ताप येतो, यकृतातून सी-रिॲक्टिव्ह प्रथिनासारखी द्रव्ये बाहेर पडतात. या सर्व प्रक्रियेस आपण शोथ म्हणतो. शोथ हा मुळात संरक्षणाचा व दुरुस्तीचा व्यापार आहे, हे येथे विसरता कामा नये.

टी. एन. एफ.चा शोध दोन निरनिराळ्या वाटांनी लागला. १९७५ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी अर्बुदाच्या पेशींचा नाश करणारा एक घटक उंदरांच्या रक्तात असल्याचे दाखविले आणि त्यास हे नाव दिले. दुसरीकडे, निद्रारोगास कारण होणाऱ्या आदिजीवांची लागण झालेले ससे, त्यांच्या रक्तात स्निग्ध द्रव्ये भरपूर असूनही, झपाट्याने कृश होत जातात, हे कोडे अँथनी सेरामी यांस पडले होते. ही कृशता आणणारे द्रव्य त्यांनी कॅकेक्टिन या नावाने वेगळे केले. १९८५ साली ब्रूस बॉयटलर व सेरामी यांनी दाखवून दिले की, कॅकेक्टिन व टी. एन. एफ. ही दोन द्रव्ये नसून एकच आहे.

आता दीर्घकाळच्या तीव्र हृदयनिष्फलतेतही रोगी असाच कृश होतो, ही गोष्ट वैद्यांस पूर्वापार ठाऊक होती. छातीच्या फासळ्या दिसू लागतात, दंडाचे मांस झडते, आणि हे केवळ कमी खाण्याने होत नाही. तेव्हा हृदयरोग्याच्या कृशतेमागेही तेच द्रव्य असेल काय, हा प्रश्न स्वाभाविक होता. न्यूयॉर्कमधील लेव्हाइन, पॅकर आदी संशोधकांनी १९९० साली त्याचे उत्तर दिले. हृदयनिष्फलतेच्या ३३ रोग्यांच्या रक्तातील टी. एन. एफ.ची सरासरी मिलिलिटरमागे ११५ एकके भरली. तितक्याच निरोगी व्यक्तींत ती अवघी ९ होती. ज्यांच्या रक्तात हे प्रमाण अधिक होते ते रोगी अधिक कृश व अधिक आजारी होते. मात्र या ३३ पैकी १४ जणांत ते निरोगी मर्यादेतच होते, ही गोष्टही नोंदण्याजोगी आहे. तिचे महत्त्व पुढे कळून येईल.

पुराव्याची साखळी

यानंतरच्या सात-आठ वर्षांत पुरावा भराभर जमत गेला. १९९२ साली असे आढळले की, हॅमस्टर या प्राण्याच्या हृदयातील स्नायूवर टी. एन. एफ. व काही इंटरल्यूकिने सोडली असता त्याचे आकुंचन मंदावते, आणि नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखली तर हा परिणाम टळतो. १९९३ साली मांजराच्या हृदयातून वेगळ्या काढलेल्या स्नायुपेशींवरही टी. एन. एफ.चा असाच प्रभाव दिसून आला. १९९६ साली ह्यूस्टन येथील टोरे-आमियोने, मान व त्यांचे सहकारी यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. हृदयारोपणाच्या वेळी काढून टाकलेल्या निकामी मानवी हृदयांच्या स्नायूत टी. एन. एफ. आढळले, निरोगी हृदयाच्या स्नायूत ते आढळले नाही. म्हणजे हे द्रव्य केवळ श्वेतपेशींकडून येत नाही. ताणाखाली असलेले हृदय ते स्वतःही तयार करते. त्याच सुमारास हेही दिसून आले की, रोग पहिल्या वर्गाकडून वरच्या वर्गाकडे सरकतो तसतसे रक्तातील टी. एन. एफ. व इंटरल्यूकिन-६ यांचे प्रमाण वाढत जाते.

कारणत्वाच्या दृष्टीने सर्वांत प्रबळ पुरावा १९९७ साली पुढे आला. पिट्सबर्ग येथील कुबोटा व फेल्डमन आदी संशोधकांनी उंदरांत असा आनुवंशिक बदल घडवून आणला की, त्यांच्या हृदयाच्या स्नायूतच टी. एन. एफ. सतत तयार व्हावे. या उंदरांची हृदये फुगली, त्यांची आकुंचनशक्ती घटली आणि ते अकाली मरू लागले. मानवी हृदयनिष्फलतेचे जणू हुबेहूब चित्रच प्रयोगशाळेत निर्माण झाले. पुढे २००१ साली हजाराहून अधिक रोग्यांच्या एका परीक्षेतून असेही निष्पन्न झाले की, ज्यांच्या रक्तात टी. एन. एफ., इंटरल्यूकिन-६ व टी. एन. एफ.चे विरघळलेले ग्राही अधिक, त्यांच्या मृत्यूचा संभवही अधिक.

ही प्रथिने हृदयात का वाढतात, याविषयी तीन प्रमुख उपपत्ती मांडण्यात आल्या. एक, हृदयाच्या भिंतीवरील ताण हेच कारण. शस्त्रक्रियेने बसविलेल्या साहाय्यक पंपामुळे हृदयाचा भार हलका झाल्यावर स्नायूतील टी. एन. एफ. घटते, हे १९९९ मध्ये दिसून आल्याने या उपपत्तीस बळ मिळाले. दुसरी, पेशी मरताना त्यांच्या आतील द्रव्ये बाहेर सांडतात व जन्मजात प्रतिकारसंस्थेचे ग्राही त्यांस जंतूंच्या खुणांप्रमाणेच ओळखतात. त्यामुळे जंतू नसतानाही शोथ उद्भवतो. तिसरी उपपत्ती अशी की, हृदय दुबळे झाल्याने आतड्यांच्या भिंती सुजतात व तेथील जंतूंचे विष रक्तात झिरपते. सूज असलेल्या रोग्यांच्या रक्तात हे विष अधिक असते आणि मूत्रल औषधांनी सूज उतरली की ते कमी होते, असे १९९९ साली आढळले. या तिन्ही उपपत्ती परस्परविरोधी नाहीत. एकाच रोग्यात त्या तिन्ही लागू पडू शकतील.

अपेक्षा आणि निकाल

एवढा पुरावा हाती असता टी. एन. एफ.ला आवर घालण्याचे औषध हृदयरोग्यांस द्यावे, असे वाटल्यास नवल नाही. औषध तर तयारच होते. संधिवातासाठी एटानरसेप्ट हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले होते. टी. एन. एफ. ज्या ग्राहीस चिकटते त्याच ग्राहीचा अंश घेऊन हे औषध बनविले आहे; ते रक्तात फिरणाऱ्या टी. एन. एफ.ला आपल्याकडे ओढून घेते. प्रथम अठरा व नंतर सत्तेचाळीस रोग्यांवर ते वापरून पाहिले तेव्हा हृदयाच्या कार्यात सुधारणा झाल्याची चिन्हे दिसली.

मग दोन मोठ्या परीक्षा हाती घेण्यात आल्या. उत्तर अमेरिकेतील परीक्षेत ९२५ आणि युरोप व ऑस्ट्रेलियातील परीक्षेत १,१२३ रोगी सामील झाले. कोणास एटानरसेप्ट व कोणास प्लासिबो द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते, आणि रोगी व वैद्य या दोघांपासून ते गुप्त ठेवले होते. २००१ च्या मार्चमध्ये या परीक्षा मुदतीपूर्वीच थांबविण्यात आल्या. औषधाचा उपयोग सिद्ध होण्याची शक्यता उरलेली नाही असा निर्णय झाला. २००४ साली संपूर्ण निकाल प्रसिद्ध झाले. दोन्ही परीक्षांतील मोठ्या मात्रेच्या रोग्यांचा एकत्र हिशेब केला असता मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचा धोका औषध घेणाऱ्यांत प्लासिबोच्या १.१० पट भरला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य म्हणता येईल, पण लाभाचा मात्र त्यात मागमूसही नव्हता.

दुसऱ्या औषधाची कथा अधिक गंभीर आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे टी. एन. एफ.विरुद्धचे प्रतिपिंड होय. तिसऱ्या व चौथ्या वर्गातील १५० रोग्यांस ते किंवा प्लासिबो तीन वेळा शिरेतून देण्यात आले. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास १० मिलिग्रॅम या मोठ्या मात्रेच्या गटात मृत्यू किंवा हृदयनिष्फलतेमुळे रुग्णालयात भरती होण्याचा धोका प्लासिबोच्या तुलनेने २.८४ पट झाला. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या द्रव्यास रोगाचे कारण मानले होते ते अडविल्याने रोग बरा तर झाला नाहीच, उलट बळावला. या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकांत हृदयनिष्फलतेसंबंधी इशारा छापला जातो तो या अनुभवामुळे; आणि संधिवाताच्या रोग्यास मध्यम किंवा तीव्र हृदयनिष्फलता असल्यास टी. एन. एफ.रोधक औषधाऐवजी अन्य औषध निवडावे, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सुचविले, तेही याचमुळे. जी औषधे संधिवाताच्या असंख्य रोग्यांस चालतेफिरते ठेवतात तीच काही थोड्यांस अपायकारक ठरू शकतात, ही गोष्ट आपल्याकडील वैद्यांनी व रोग्यांनीही ध्यानी धरण्यासारखी आहे.

कोठे चुकले?

या अपयशाची कारणमीमांसा करताना पुष्कळ मते पुढे आली. त्यांचा विचार क्रमाने करू.

पहिले कारण औषधांच्या स्वरूपात शोधण्यात आले. एटानरसेप्टशी टी. एन. एफ.चा बंध पक्का नसतो. तो सुटू शकतो. औषधाला चिकटलेले टी. एन. एफ. रक्तात अधिक काळ टिकते व नंतर मोकळे होऊन पुन्हा क्रियाशील होते, असा संशय व्यक्त झाला. इन्फ्लिक्सिमॅबची अडचण वेगळी. ते केवळ रक्तातील टी. एन. एफ.ला बांधून थांबत नाही. ज्या पेशींच्या पृष्ठभागावर टी. एन. एफ. असते त्यांस चिकटून त्यांचा नाशही ते घडवू शकते. निकामी होत चाललेल्या हृदयाच्या पेशींवरच जर टी. एन. एफ. असेल, तर हे औषध मित्र व शत्रू यांत भेद कसा करणार?

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. टी. एन. एफ. हे निव्वळ घातक द्रव्य आहे, हे गृहीतच चुकीचे ठरले. २००० साली, म्हणजे मोठ्या परीक्षा चालू असतानाच, असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला की त्याकडे मागे वळून पाहता विशेष लक्ष जाते. टी. एन. एफ.चे दोन्ही ग्राही ज्यांच्यात नाहीत अशा उंदरांची हृदयरोहिणी बांधली असता त्यांच्या हृदयाचा मृत झालेला भाग साध्या उंदरांपेक्षा मोठा भरला. अर्थात टी. एन. एफ. मर्यादित प्रमाणात असता ते स्नायुपेशींचे रक्षण करीत होते. २००९ साली या दुहेरी वर्तनाचा अधिक उलगडा झाला. टी. एन. एफ.चे ग्राही दोन प्रकारचे आहेत. उंदरांतील प्रयोगांत पहिल्या ग्राहीच्या द्वारे हानी व दुसऱ्याच्या द्वारे संरक्षण घडते असे दिसले. मूळ द्रव्यच अडविले म्हणजे हानीबरोबर संरक्षणही अडते, हे यावरून उघड होते.

तिसरे कारण रोग्यांच्या निवडीत होते. १९९० च्या त्या पहिल्या पाहणीतील चौदा रोग्यांची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. ज्यांच्या शरीरात टी. एन. एफ. वाढलेलेच नाही असे रोगीही हृदयनिष्फलतेत पुष्कळ असतात. तथापि मोठ्या परीक्षांत रोगी घेताना त्यांच्या रक्तातील टी. एन. एफ.ची पातळी पाहिलेली नव्हती. ज्या घरात धूरच नाही तेथे धूर घालविण्याचा उपाय योजल्यासारखे हे झाले.

चौथी गोष्ट उंदरांच्या प्रयोगाविषयी सांगितली पाहिजे. एखादे द्रव्य भरमसाट प्रमाणात जन्मापासून हृदयात तयार होऊ दिले तर हृदय निकामी होते, एवढेच त्या प्रयोगाने सिद्ध झाले. ते द्रव्य रोग उत्पन्न करू शकते, हे एक विधान. मनुष्यातील रोग त्यानेच उत्पन्न केला आहे, हे दुसरे. आणि रोग जुना झाल्यावर ते काढून घेतले असता तो मागे हटेल, हे तिसरे. पहिल्यावरून दुसरे व दुसऱ्यावरून तिसरे निघते असे आपण नकळत धरून चालतो. तर्काची साखळी तुटली ती नेमकी या सांध्यांवर.

संदेशवाहकांचे कुटुंब

या अपयशानंतर विषयच सोडून दिला गेला असे मात्र झाले नाही. संशोधकांची दृष्टी एका द्रव्यावरून साऱ्या व्यवस्थेकडे वळली. त्यातील काही टप्पे पाहू.

इंटरल्यूकिन-३३ या प्रथिनाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. हृदयाच्या पेशींवर ताण आला असता ते स्रवते व एस.टी.-२ नावाच्या ग्राहीस चिकटून हृदयाचे रक्षण करते, असे २००७ साली उंदरांत दिसून आले. परंतु हाच ग्राही विरघळलेल्या रूपातही रक्तात फिरतो. तो इंटरल्यूकिन-३३ ला वाटेतच पकडतो आणि मग संरक्षणाचा निरोप हृदयापर्यंत पोहोचत नाही. एटानरसेप्टची युक्ती निसर्गाने आधीच, आणि येथे रोग्याच्या विरुद्ध, योजिलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही. हृदयनिष्फलतेत या विरघळलेल्या ग्राहीचे रक्तातील प्रमाण वाढते व त्यावरून रोग्याच्या भवितव्याचा अंदाज करता येतो. प्रतिकारसंस्थेशी निगडित असलेला हा रेणू निदानाचे साधन म्हणून रुग्णालयांत प्रत्यक्ष वापरात आला आहे. खूण म्हणून उपयोगी पडणारे द्रव्य औषधाचे लक्ष्य असलेच पाहिजे असे नाही, ही गोष्टही यावरून स्पष्ट व्हावी.

पेशींच्या अभ्यासानेही नवे चित्र पुढे आणले. निरोगी हृदयातही महाभक्षी पेशी वस्तीस असतात. सेंट लुइस येथील संशोधकांनी २०१८ साली मानवी हृदयातील अशा पेशींचे दोन कुळांत विभाजन दाखविले. त्यासाठी त्यांनी एक चतुर युक्ती केली. दात्याचे व ग्राहकाचे लिंग भिन्न असलेल्या आरोपित हृदयांतील पेशींची गुणसूत्रे पाहिली, म्हणजे कोणती पेशी दात्याच्या हृदयातच वाढत राहिली आणि कोणती ग्राहकाच्या रक्तातून नव्याने आली, हे ओळखता येते. एक कूळ हृदयातच आपली संख्या राखते. दुसऱ्यात रक्तातून आलेल्या पेशींची भर पडत जाते, आणि शोथ वाढविणारी प्रथिने प्रामुख्याने या दुसऱ्या कुळाकडून येतात. तेव्हा प्रश्न ‘शोथ थांबवावा काय’ असा राहत नाही. ‘कोणाकडून होणारा शोथ थांबवावा’ असा होतो.

ज्या रोग्यांचा उत्क्षेपणांश शाबूत असतो त्यांच्याविषयी पाउलुस व चोपे यांनी २०१३ साली एक वेगळी उपपत्ती मांडली. स्थूलता, मधुमेह, रक्तदाबवृद्धी यांसारख्या विकारांमुळे सर्व शरीरात सौम्य शोथ राहतो. तो हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरास बाधतो. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड कमी पडून स्नायू ताठर बनतो. येथे क्रम उलटा झालेला वाचकांच्या ध्यानात येईल. पहिल्या प्रकारात हृदय बिघडल्यावर शोथ वाढतो. दुसऱ्यात शोथ आधी व हृदयाचा बिघाड नंतर. टी. एन. एफ.रोधकांच्या मोठ्या परीक्षा मात्र पहिल्या प्रकारच्या, म्हणजे आकुंचनशक्ती घटलेल्या, रोग्यांवर झाल्या होत्या.

शोथावरील उपचाराने हृदयरोग्यास लाभ होऊ शकतो काय, या प्रश्नास २०१७ साली प्रथमच निःसंदिग्ध होकार मिळाला. रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले व सी-रिॲक्टिव्ह प्रथिन लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा अधिक असलेले १०,०६१ रोगी निवडले. म्हणजे मागील चूक सुधारून, शोथ खरोखर आहे अशीच माणसे घेतली. इंटरल्यूकिन-१ बीटा या प्रथिनाविरुद्धचे कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड १५० मिलिग्रॅम मात्रेने दर तीन महिन्यांनी दिले असता हृदयविकाराचा नवा झटका, पक्षाघात किंवा हृदयजन्य मृत्यू यांचा एकत्रित धोका १५ टक्क्यांनी घटला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील विश्लेषणात असेही दिसले की, मात्रा वाढते तसतसे हृदयनिष्फलतेमुळे रुग्णालयात जाण्याचे प्रमाण घटते. परंतु या लाभास किंमत द्यावी लागली. जीवघेणे जंतुसंसर्ग औषध घेणाऱ्यांत अधिक झाले, आणि एकूण मृत्यूंची संख्या लक्षणीयरीत्या घटली नाही. हृदयरोगावर वापरण्यास अमेरिकेतील औषधनियंत्रकांची मान्यता या औषधास मिळाली नाही. इंटरल्यूकिन-६ विरुद्धच्या प्रतिपिंडाची, शोथाची लक्षणे असलेल्या व उत्क्षेपणांश फारसा न घटलेल्या रोग्यांवरील मोठी परीक्षाही त्यानंतर हाती घेण्यात आली.

समारोप

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष काय? सायटोकाइन हा हृदयनिष्फलतेतील धूर की अग्नी, असा प्रश्न आरंभी सुचविला होता. पुरावा पाहता दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दुखावलेल्या हृदयाने ही प्रथिने निर्माण करणे हा दुरुस्तीचा आरंभ आहे. ती थोडी व थोडा काळ असली तर पेशी वाचवितात. तीच दीर्घकाळ व विपुल राहिली तर स्नायूची शक्ती घटवितात, तंतू वाढवितात, शरीर झिजवितात. चुलीतील विस्तवाने अन्न शिजते. तोच छपरास लागला तर घर जळते. पण म्हणून घरातला सारा विस्तव विझविणाऱ्यास शहाणा कोणी म्हणणार नाही.

या इतिहासात निष्काळजीपणा कोणाचा झाला असे म्हणता येत नाही. प्रत्येक प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि प्रत्येक मोजमाप खरे होते. चूक झाली ती खऱ्या मोजमापांवरून काढलेल्या निष्कर्षांत. आणि ती उघडकीस आणली तीही त्याच शास्त्राच्या शिस्तीने. प्लासिबो घेणाऱ्या रोग्यांचा गट तुलनेस नसता, तर इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील मृत्यू मूळ रोगाच्याच माथी मारले गेले असते आणि औषध चालूच राहिले असते. कारण अशा रोग्यांचा मृत्यू कोणास अनपेक्षित वाटत नाही. या परीक्षांत सामील झालेल्या दोन हजारांहून अधिक रोग्यांस स्वतःस फारसा लाभ झाला नाही, काहींस तर अपायच झाला. तथापि त्यांच्यामुळेच पुढील रोगी एका घातक उपचारापासून वाचले. प्रयोगशाळेतील संशोधकाने आपल्या आलेखावरील प्रत्येक बिंदूमागे असा एक मनुष्य उभा आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

पुढील कार्याची दिशाही यातून आपोआप सूचित होते. कोणत्या रोग्यात, रोगाच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या पेशीकडून निघालेला कोणता निरोप घातक होतो, हे प्रथम ठरविले पाहिजे. औषधाचा विचार त्यानंतरचा. प्रश्न इतका बारकाईने विचारल्याखेरीज त्याचे उपयोगी उत्तर मिळावयाचे नाही.